घरातला कमावता गेला, आता कुठल्या दाराशी जायचं?

दिघ्याहून एका ताईंनी विचारलं आहे. धाकटा भाऊ रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर होता, तीन वर्षं एकाच कंपनीत. दोन महिन्यांपूर्वी रात्री छातीत दुखायला लागलं आणि कळव्याच्या हॉस्पिटलात नेल्यावर गेला. मागे भावजय, वय ३३. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. सोबत ६७ वर्षांची आई, जिला जिना चढताना धाप लागते. खोली भाड्याची. भावजय ऐरोलीत दोन घरची धुणीभांडी करते, महिन्याला ६,००० रुपये मिळतात. रेशनकार्ड जालन्याकडच्या गावचं. ताई म्हणतात, "मोबाइलवर योजना शोधल्या की शंभर निघतात. सुरुवात कुठून करू?"

ताई, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये मी २२ वर्षं हेच काम करते आहे. माझं पहिलं सांगणं, ती शंभर योजनांची यादी बाजूला ठेवा. तुमचा भाऊ कामगार होता. त्याच्या पगारातून दर महिन्याला जे कापलं गेलं, त्याचा हक्क आधी वसूल करायचा. तो मदत म्हणून मिळत नाही, त्याच्या घामाचा असतो, आणि बहुतेक वेळा सगळ्या योजनांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. पण पत्र्याच्या खोलीत दुःखात बसलेल्या माणसांना पीएफची आठवण करून द्यायला कोणी येत नाही. लोक येतात ते निराधार योजनेचा फॉर्म घेऊन.

भावाची पगाराची चिठ्ठी शोधा. कपड्यांच्या घड्या, डब्याची पिशवी, मोबाइलमधले जुने मेसेज, सगळं बघा. तिच्यावर १२ आकडी यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर असतो. चिठ्ठी नसेल तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा, एकाच ठेकेदाराकडचा पीएफ कोड सगळ्यांना एकच असतो. मग तीन फॉर्म भरायचे असतात. फॉर्म २० साठलेल्या पीएफसाठी, १०-डी पेन्शनसाठी आणि ५-आयएफ विम्यासाठी. हा विमा, ज्याला ईडीएलआय म्हणतात, त्याबद्दल शंभरातल्या नव्वद घरांना माहिती नसते. कामगार नोकरीत असताना वारला आणि मागचे १२ महिने सलग नोकरी असेल, तर वारसांना किमान २.५ लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. मृत्यू कारखान्यातच व्हायला हवा अशी अट नाही. घरी झोपेत गेला तरी चालतं.

पेन्शनचंही तसंच. दहा वर्षं नोकरी झाल्याशिवाय पेन्शन नाही, असं ठेकेदाराचा मुकादम तुम्हाला सांगेल. ते निवृत्त होणाऱ्यासाठी आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पत्नीला पेन्शन लागू होते. किमान १,००० रुपये महिना, आणि दोन मुलांना प्रत्येकी आईच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. रक्कम लहान वाटेल. पण ती दर महिन्याला खात्यात येते आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही.

ठेकेदार टाळाटाळ करत असेल, पीएफ भरलाच नव्हता म्हणत असेल, तर ज्या कंपनीच्या गेटमधून भाऊ आत जात होता तिच्या एचआरकडे लेखी अर्ज द्या. ठेकेदाराच्या माणसांच्या पीएफची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते. तोंडी बोलून परत येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल तर अंत्यविधीचा खर्च म्हणून १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. हा दावा मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. तुमचे दोन महिने गेलेत, म्हणून या आठवड्यात पहिली फेरी ईएसआयच्या शाखा कार्यालयात.

आणि आणखी एक, बँकेचं पासबुक. आमच्याकडे एक बाई यायच्या, नवरा रिक्षा चालवायचा. आठ महिने आम्ही त्यांच्यासोबत या कचेरीतून त्या कचेरीत फिरलो. एक दिवस त्यांची मोठी मुलगी पासबुक भरून घेऊन आली आणि मी सहज पानं उलटली. मे महिन्याच्या शेवटी एक नोंद होती, ४३६ रुपये वजा. खातं उघडताना कोणीतरी सही घेतली होती, नवऱ्याने कधी घरी सांगितलं नव्हतं. ते पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे पैसे होते, वर्षाला ४३६ आणि मृत्यू झाल्यास २ लाख. बँकेने आपणहून काही कळवलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की आधी पासबुक मागते. भावाचं पासबुक अद्ययावत करून घ्या आणि दरवर्षीचं मे-जूनचं पान बघा. ४३६ दिसले तर त्याच शाखेत दावा करा. २० रुपये वजा दिसले तर तो अपघाती विमा असतो, तो तुमच्या बाबतीत लागू होणार नाही.

आता कागद. मृत्यूचा दाखला कुठून काढायचा यात दिघ्यातली माणसं हमखास चुकतात. राहता नवी मुंबईत म्हणून नवी मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात जातात. पण मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. भाऊ कळव्याला गेला असेल तर दाखला ठाणे महापालिकेचा. पाच-सहा प्रती एकदमच काढा. आणि खिडकीवरून हलण्याआधी नाव अक्षर न् अक्षर वाचा. आधारवर 'ज्ञानेश्वर', पीएफमध्ये 'दन्यानेश्वर' आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'ज्ञानू', अशी तीन माणसं कागदावर झाली की दावा सहा महिने अडकतो. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते, नंतर फार त्रास होतो.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदार देतात, अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर. तुमचं तहसील ठाणे. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे तालुक्यात येते. कोकण भवनाची इमारत मोठी आणि सगळ्यांना माहीत, म्हणून बाया लेकरं घेऊन बेलापूरला जातात. ती विभागीय कार्यालयं आहेत, दाखल्याचं काम तिथे होत नाही. उलट खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक पत्त्यात नवी मुंबई लिहितात आणि ठाण्याला येतात. ते रायगड जिल्ह्यात आहेत, त्यांना पनवेल तहसील आणि पनवेल महापालिका. या एका गोष्टीपायी मी लोकांच्या किती दिवसांच्या मजुरीवर पाणी पडलेलं पाहिलंय, मोजता येणार नाही. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा असं कोणी सांगितलं तर आणू नका. दाखल्यांसाठीचं ते मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलेलं आहे.

निराधार योजनेबद्दल स्पष्ट बोलते, कारण सगळे तुम्हाला तिकडेच पाठवतील. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अट अशी की नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दिघ्यात एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा होत नाही. जी बाई हातपाय हलवून दोन घरची भांडी घासते ती या अटीतून बाहेर पडते. हे चूक आहे, आणि ही मर्यादा बदलावी म्हणून आम्ही जमेल तिथे बोलत आलो आहोत. पण आज अट ती आहे. "२१,००० चा दाखला काढून देतो, तीन हजार द्या" म्हणणारा एजंट तुमच्या गल्लीत येईलच. त्याच्या नादी लागू नका. खोट्या दाखल्यावर सही भावजयीची असते, आणि चौकशी झाली की तोच दाखला मुलांच्या सगळ्या अर्जांना आडवा येतो.

शिवाय भावजयीला लाडकी बहीण योजनेचे १,५०० सुरू असतील तर तेवढ्याच रकमेच्या निराधार योजनेसाठी धडपडण्यात अर्थ नाही, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. असलेले १,५०० बंद पडू नयेत एवढं बघा. ई-केवायसीत पतीच्या आधारपाशी गाडी अडली असेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्या आणि नोंद झाली का ते पुन्हा जाऊन विचारा.

दारिद्र्यरेषेच्या यादीचा मात्र तपास करा. गावच्या ग्रामपंचायतीत फोन करा, यादीत कुटुंबाचा क्रमांक आहे का विचारा. असेल तर दोन दारं उघडतात. एक, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस वारला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये. दोन, आईसाठी श्रावणबाळ योजना, ६५ वर्षांवरच्यांना महिन्याला १,५००. आईचं नाव गावच्या यादीत असेल आणि मतदार म्हणूनही ती तिकडेच असेल, तर तो अर्ज गावच्या तहसीलमध्ये जास्त सरळ जातो.

तुमच्या घराला सगळ्यात चपखल बसणारी योजना वेगळीच आहे आणि ती तुमच्या शंभरात बहुतेक नव्वदाव्या नंबरवर असेल. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. दोन मुलांचे ४,५०० होतात. तुमच्या भावजयीच्या पगाराच्या पाऊणपट. मुलीला अजून ९ वर्षं, मुलाला १३ वर्षं.

हे काम तहसीलमध्ये होत नाही. महिला व बाल विकास विभागाचं ठाण्यातलं जिल्हा कार्यालय आणि त्यांचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तिथे अर्ज. आदेश बालकल्याण समिती देते. कागद म्हणाल तर मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि आधार, शाळेचं बोनाफाईड, आईचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं. आणि एक फोटो, ज्यात आई आणि मुलं आपल्या घरासमोर उभी आहेत. या फोटोपाशी बाया थांबतात. मागच्या पावसाळ्यात इलठणपाड्यातल्या एकीने शेजारणीच्या पक्क्या घरासमोर उभं राहून फोटो काढला होता, मुलांना लग्नातले कपडे घालून. मी तिला म्हटलं, बाई गं, तुझ्याच दारात उभी राहा, ताडपत्रीसकट. कारण नंतर गृहभेटीला माणूस येतो. त्याने फोटोतलं घर शोधलं आणि ते दुसऱ्याचंच निघालं तर अहवालात तसंच लिहिणार. तिने दुसऱ्या दिवशी फोटो काढला, धाकट्याच्या हातात पाण्याची कळशी होती. तोच लागला.

भावजयीला एक आधीच सांगून ठेवा. गृहभेटीत प्रश्न विचारतील, घरात कोण कोण, मुलं शाळेत जातात का, तुम्ही कामावर असताना कोण बघतं. घाबरून "कोणी नाही" म्हणू नये, आजी आहे हे सांगावं. समितीसमोर मुलांना न्यावं लागलं तर शाळेचा एक दिवस बुडेल, बुडू दे. पैसे लगेच येत नाहीत. अनुदान आलं की काही महिन्यांचे एकदम येतात, म्हणून घरखर्चाचं गणित त्यांच्यावर बांधू नका. मुलांच्या शाळेपुरते बाजूला धरा.

रेशनबद्दल तुम्हाला शेजारपाजारचे सांगतील की गावचं कार्ड रद्द करून इथलं काढा. घाई करू नका. गावचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं किंवा अंत्योदयचं असेल तर त्यावर धान्य मोफत आहे. प्राधान्यला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. आणि एक देश एक रेशनकार्ड असल्यामुळे ते धान्य दिघ्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून उचलता येतं. कार्ड इथे हलवायची गरजच नाही. हलवलं तर धोका असा की इथला इष्टांक, म्हणजे स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरलेला असतो. कार्ड बदलून मिळतं, पण प्राधान्यचा शिक्का मिळत नाही, आणि हातात नुसतं केशरी पुस्तक राहतं. असं झालेली घरं मी पाहिली आहेत, गावचंही गेलं आणि इथलंही नाही.

दुकानदार "बाहेरच्या कार्डाचा माल नाही" म्हणाला तर रेशनकार्डाचा १२ आकडी नंबर मशीनवर टाकायला सांगा, मशीनच हक्क दाखवतं. तरीही नाही म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्या. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकांखाली येतात, रेशनची तक्रार घेऊन इथे तहसीलदारांकडे जाऊन उपयोग नाही. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली का बघा, मुलांचीसुद्धा. भावाचं नाव आपणहून कमी करून घ्या. अन्न सुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख घरातली सगळ्यात मोठी बाई असते, म्हणजे तुमची आई. आणि कार्डाला लॅमिनेशन केलेलं असेल तर ते काढून टाका, त्यावर नाव कमी-जास्त केल्याचा शेरा मारता येत नाही.

गावचं कार्ड मोठ्या भावासोबत एकत्र असेल तर मात्र ते आधी गावातच विभक्त करून घ्यावं लागेल. त्यासाठी एक फेरी गावाला पडेल. दारिद्र्यरेषेच्या यादीचं कामही त्याच फेरीत करा.

आईची धाप. याला थांबू नका, ताई. घरात एक मृत्यू छातीच्या दुखण्याने झाला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कार्डाचा रंग बघत नाहीत, पिवळं, केशरी, पांढरं सगळ्यांना लागू आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हृदयाची अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसतात. पण रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि तेही त्या आजारासाठी. सरळ महापालिकेच्या रुग्णालयात दाखवा, आधी तपासणी होऊ दे. ऐरोलीचं राजमाता जिजाऊ जवळ आहे, नाहीतर वाशीचं प्रथम संदर्भ रुग्णालय किंवा कळवा. ऑपरेशन निघालं तर १५५३८८ वर फोन करून योजनेतलं रुग्णालय विचारा. दवाखान्यात शिरल्यावर कॅश काउंटरला जायच्या आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाचं, टेबल शोधा. पैसे भरल्यानंतर योजनेत बसवणं फार अवघड होतं. अचानक रात्री न्यावं लागलं तर आधार आणि रेशनकार्ड एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवलेलं असू दे.

योजनेत न बसणारा आजार निघाला तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि "मला निर्धन रुग्ण म्हणून अर्ज करायचा आहे" असं याच शब्दांत सांगा. "काही सवलत मिळेल का" विचारलं तर बिलातून हजार-पाचशे कमी करून पाठवतात. शब्दाने फरक पडतो.

शाळेचं थोडक्यात. मुलगा ५ वर्षांचा, पहिलीच्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, प्रवेशाचं वय होईल तेव्हा खासगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज करा. उत्पन्न १ लाखाच्या आत हवं, तुमच्या भावजयीचं ७२,००० होतं, तेव्हा बसतं. मुलीसाठी नवी मुंबई महापालिकेच्या समाजविकास विभागात विचारा, विधवा महिलांच्या मुलांना शिष्यवृत्ती आहे. शाळेतून जाहिरात कळतेच असं नाही, वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा. महापालिकेला दिघ्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. भाडेकरार नोंदवलेला नसेल तर घरमालकाकडे वीजबिलाची प्रत आणि संमतीपत्र आत्तापासूनच मागायला लागा, कारण मालक ते लगेच देत नाहीत.

शेवटी अर्ज दिल्यावरचं. कुठेही कागद दिला की पोच घ्या. अर्ज परत केला तर कारण लेखी मागा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ज्या सेवा त्याखाली येतात त्यांना मुदत असते आणि मुदतीत काम न झाल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कुठेच हलत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिसऱ्या सोमवारी महिलांसाठी वेगळा. भावजयीला तिथे एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. पण बोलू तिला द्या. पहिल्यांदा आवाज फुटणार नाही, डोळे भरून येतील. खुर्चीतला माणूस घाई करायला लागला तरी तिने सगळं सांगून होईपर्यंत तुम्ही शेजारी उभ्या राहा.